लिंबाने मासा शिजत नाही

ताज्या माशाचा पातळ तुकडा घ्या आणि त्यावर लिंबू पिळा. थोड्याच वेळात ते काचेसारखे मांस पांढरे पडते, घट्ट होते. पाहणाऱ्याला वाटते, मासा शिजला. चुलीवर ठेवलेला मासाही असाच पांढरा होतो ना? मग विस्तवाचे काम लिंबाने केले असे म्हणायला काय हरकत आहे? थायलंड देशाच्या ईशान्य भागात, ज्याला तिकडे ‘इसान’ म्हणतात, पिढ्यान्‌पिढ्या लोक असेच मानीत आले. या समजुतीपायी तिथल्या हजारो घरांतली कर्ती माणसे पन्नाशी-साठीत गेली आहेत.

तुम्ही म्हणाल, थायलंडातल्या माशाशी आम्हांला काय करावयाचे? आपल्याकडे मासा कच्चा कोण खातो? खरे आहे. आपण त्याचे कालवण करतो, नाही तर तळतो. तरी ही हकिगत ऐकण्याजोगी आहे, कारण तिच्यातला प्रश्न आपल्याही ओळखीचा आहे. रोगाचे कारण ठाऊक आहे, औषध हाताशी आहे, स्वस्तही आहे, आणि तरी रोग जात नाही. असे का व्हावे?

मी काही वैद्य नव्हे. भूगोल शिकवणारा माणूस. तेव्हा सुरुवात जागेपासून करतो.

इसान हे एक मोठे, बशीसारखे पठार आहे. उत्तरेला आणि पूर्वेला मेकाँग नदी, तिच्या पलीकडे लाओस देश. पठारावरून चि आणि मुन या दोन नद्या वाहतात आणि पुढे मेकाँगला मिळतात. वीस प्रांत, दोन कोटींहून अधिक वस्ती. जमीन वालुकामय आणि हलकी. भात हेच मुख्य पीक, आणि तोही चिकट जातीचा. मुठीत वळून त्याचा गोळा करायचा आणि तोंडी लावण्यात बुडवून खायचा. पावसाळ्यात नद्या फुगतात, पाणी भातखाचरांत शिरते आणि पाण्याबरोबर मासेही शिरतात. रोहू-कटल्याच्या कुळातलेच, पण लहान. कोणी बोटाएवढे, कोणी वीतभर. मटण महाग, मासा मात्र बांधाशी फुकट. शिवाय या पठाराच्या पोटात मिठाचे थर आहेत. मासा आणि मीठ दोन्ही घरचे, तेव्हा मासा मुरवून वर्षभर पुरवण्याची कला तिकडे वाढली यात नवल नाही.

पण मुरवलेला मासा ही रोजची भाजी झाली. मौजेचा पदार्थ निराळा, त्याचे नाव ‘कोइ प्ला’. ‘प्ला’ म्हणजे मासा. शेतावरच्या डबक्यातून मासे धरायचे, जागच्या जागी त्यांचा बारीक खिमा करायचा, त्यावर भरपूर लिंबू पिळायचे. मग मिरची, लहान कांदे, पुदिना, भाजलेल्या तांदळाची भरड आणि माशाचे खारे पाणी. कोणी आंबटपणासाठी तांबड्या मुंग्याही घालतात. बस्तरकडची मुंग्यांची चटणी ज्यांना ठाऊक आहे त्यांना याचे काही वाटणार नाही. दहा मिनिटांत पदार्थ तयार. चूल नको, भांडे नको. आपल्याकडे इर्जिकेला आलेल्या गड्यांना जेवू घालण्याची चाल आहे, तसेच हे. शेजारी कामाला आला, चार जण बांधावर बसले, तांदळाची दारू निघाली की मध्ये कोइ प्ला आलाच. त्याला नाही म्हणणे म्हणजे सोबत नाकारणे.

आता त्या माशात काय असते ते पाहू.

तुमच्यापैकी ज्यांच्या घरी शेळ्या-मेंढ्या आहेत त्यांना हे समजायला अवघड जाणार नाही. खाटकाने मेंढीचे काळीज चिरले की कधी कधी आतल्या पित्ताच्या नळ्यांतून पानासारखे चपटे किडे बाहेर पडतात. पशुवैद्य त्यांना यकृत-कृमी किंवा पर्णकृमी म्हणतात. दलदलीच्या कडेचे गवत खाल्ल्याने जनावरांना ते होतात. इसानमधल्या माशातला किडा याच्याच भाऊबंदांपैकी. आकाराने लहान, काकडीच्या बीएवढा, पाच ते दहा मिलिमीटर लांब, आणि तसाच पातळ. शास्त्रीय नाव ऑपिस्थॉर्किस विवेरिनी. नाव लक्षात राहिले नाही तरी चालेल. त्याचा प्रवास मात्र लक्षात ठेवावा.

हा किडा माणसाच्या यकृतातल्या पित्तनलिकांत राहतो. तिथे तो अंडी घालतो. अंडी पित्ताबरोबर आतड्यात उतरतात आणि शौचावाटे बाहेर पडतात. माणूस उघड्यावर, पाण्याकाठी बसत असेल, तर पुढचा पाऊस ती अंडी ओढ्यात, खाचरांत नेतो. तिथे एक लहानशी गोगलगाय असते. ती चिखलाबरोबर अंडे खाते. तिच्या पोटात अंडे फुटते आणि एकाची शेकडो पिले होतात. ही शेपटीवाली पिले पाण्यात सुटतात. माशाची गाठ पडली की त्याच्या कातडीतून आत शिरतात, शेपूट टाकून देतात आणि मांसात स्वतःभोवती एक कोष करून बसतात. हा कोष केवढा? मोहरीच्या दाण्याचे दहा भाग केले तर त्यातल्या एका भागाएवढा. डोळ्यांना दिसत नाही, वास नाही, चव नाही. मासा टवटवीत असतो. तो ताजा आहे म्हणून निर्धोक, हा हिशेब इथे चालत नाही. उलट मासा जितका ताजा तितका आतला किडाही ताजा. पावसाळा सरून थंडी लागते त्या सुमारास माशांत हे कोष सर्वांत जास्त असतात, आणि सुगीच्या मेजवान्याही त्याच सुमाराला येतात.

माणसाने तो मासा कच्चा खाल्ला की कोष जठरातून पुढे लहान आतड्यात जातो, तिथे उघडतो, आणि आतला किडा पित्ताच्या वाटेने वर चढून नलिकेत घर करतो. महिनाभरात तो अंडी घालू लागतो. मांजरे आणि कुत्रीही माशांची डोकी, आतडी खाऊन या फेऱ्यात सापडतात.

लिंबाचे कोडे इथेच सुटते. आपल्या जठरात जे आम्ल असते ते लिंबाच्या रसाहून तीव्र असते. कोषाची घडणच अशी की जठरातल्या आम्लातून तो सुखरूप पार व्हावा आणि आतड्यात गेल्यावरच फुटावा. ज्याने पोटातल्या आम्लाची तयारी करून ठेवली आहे त्याला लिंबाची फोड ती काय? लिंबाने माशाचे मांस पांढरे होते, कारण आम्लाने मांसातली प्रथिने गोठतात. किडा मरायला उष्णता लागते. मिरचीने तो मरत नाही, सोबतच्या दारूनेही मरत नाही. मासा मुरवला तर? तिकडे ‘प्ला सोम’ नावाचा आंबवलेला मासा करतात. तो थोड्या दिवसांतच खायला काढतात आणि त्यात किडा जिवंत राहू शकतो. ‘प्ला रा’ हा मात्र भरपूर मिठात महिनोन्‌महिने मुरतो, तो त्या मानाने बरा. पण घाईने उघडलेल्या मडक्याची हमी कोण देणार?

या जातीच्या किड्यांचा आपल्या देशाशी एक जुना संबंध आहे. १८७४ साली कलकत्त्याच्या मेडिकल कॉलेजच्या रुग्णालयात एक तरुण चिनी सुतार मरण पावला. तिथले डॉक्टर जेम्स मॅक्कॉनेल यांनी त्याचे शव तपासले तेव्हा यकृताच्या नळ्या अशाच चपट्या किड्यांनी भरलेल्या सापडल्या. १८७५ साली त्यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय पत्रात ती हकिगत छापली. तो किडा म्हणजे इसानमधल्या किड्याचा चिनी चुलतभाऊ. दक्षिण चीन, कोरिया या भागांत तोही कच्च्या गोड्या पाण्यातल्या माशावाटेच माणसात येतो. सुताराने तो बरोबर आणला होता. पण तो माशातून येतो हे कळायला १९१० चे साल उजाडावे लागले, आणि गोगलगाईचा दुवा सापडायला १९१८. दोन्ही शोध जपानी शास्त्रज्ञांचे. म्हणजे किडा डोळ्यांपुढे असून त्याची वाट उमगायला चाळीसहून जास्त वर्षे लागली. सामान्य शेतकऱ्याला ती आपोआप कशी उमगावी?

त्यातून हा किडा मोठा शांत. थोडे किडे असले तर माणसाला काहीच जाणवत नाही. पोटात जरा जडपणा, कधी अपचन. एवढ्यासाठी दवाखान्यात कोण जातो? किडा दहा-दहा वर्षे आणि त्याहूनही जास्त जगतो, आणि दर हंगामाला नवे येऊन मिळतात. तो नलिकेच्या आतल्या अस्तराला चिकटतो, त्याला इजा करतो. शरीर ती जखम भरते, किडा पुन्हा करतो. त्याच्या अंगातून जे द्रव पाझरतात तेही तिथल्या पेशींना वाढायला चेतवतात. आंबवलेल्या माशात नायट्रोसामीन नावाची द्रव्ये असतात, त्यांची भर पडते. असे तीस-चाळीस वर्षे चालले की काहींच्या नलिकेत कर्करोग सुरू होतो. सर्वांच्या नव्हे, किडा असलेल्या माणसांपैकी थोड्यांच्याच. पण किडा असलेली माणसेच इतकी, की थोड्यांची संख्याही फार मोठी होते. थायलंड, लाओस, कंबोडिया आणि व्हिएतनाम मिळून सुमारे एक कोटी लोकांच्या पोटात हा किडा असावा असा अंदाज केला जातो. पित्तनलिकेचा कर्करोग जगात एरवी विरळा. इसानमधल्या खोन केन प्रांतात त्याचे प्रमाण जगातले सर्वांत मोठे नोंदले गेले आहे. बायकांपेक्षा पुरुषांत जास्त. बांधावरच्या बैठकीत कोण बसतो हे ध्यानात घेतले म्हणजे त्याचे एक कारण सांगावे लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९४ साली हा किडा माणसाला निश्चितपणे कर्करोग करणाऱ्या गोष्टींच्या पहिल्या वर्गात घातला. तंबाखूचा धूर ज्या वर्गात आहे त्याच वर्गात. चिनी चुलतभाऊ २००९ साली तिथे गेला.

रोग दिसतो तेव्हा डोळे पिवळे होतात, अंगाला खाज सुटते, बरगडीखाली दुखते, माणूस झपाट्याने वाळतो. तोवर बहुधा शस्त्रक्रियेची वेळ टळून गेलेली असते.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. या किड्यावर औषध आहे. प्राझिक्वांटेल त्याचे नाव. १९७० च्या दशकात ते निघाले, आणि एका दिवसाच्या गोळ्यांनी बहुतेकांचे किडे पडून जातात. थायलंडच्या सरकारने १९८० च्या दशकात गावोगाव शौच तपासून या गोळ्या वाटल्या. ‘इसानी माणूस कच्चा मासा खात नाही’ अशा अर्थाच्या घोषणा लावल्या. फळ मिळाले नाही असे नाही. १९८१ साली इसानमध्ये शंभरात चौतीस लोकांना हा किडा होता. २००९ च्या पाहणीत तो शंभरात सुमारे सतरांना सापडला. पण निम्म्यावर येऊन गाडा अडला. गोळीने आजचा किडा मरतो, उद्याचा अडत नाही. आणि माणसाचे मन कसे असते पाहा: गोळी मिळते ना, मग आज मासा खाऊ, उद्या गोळी घेऊ! औषध होते, त्याचा परवाना झाला. हॅमस्टर या उंदरासारख्या प्राण्यावरच्या प्रयोगांतून तर अशी शंका निघाली आहे की पुन्हा पुन्हा किडा होणे आणि पुन्हा पुन्हा औषध घेणे हे चक्र स्वतःच नलिकेला बाधक असावे.

याच्या शेजारी आपला नारू ठेवून पाहा. वडीलधाऱ्यांना विचारा, नारू काय होता ते सांगतील. पायातून हातभर धाग्यासारखा जंत निघायचा. तो काडीवर गुंडाळीत दिवस-दिवस बसायचे. त्याचाही असाच फेरा होता. नारूचा पाय पायविहिरीत बुडाला की पिले पाण्यात सुटायची, पाण्यातला बारीकसा जीव ती गिळायचा, आणि ते पाणी पिणाऱ्याला वर्षभराने नारू व्हायचा. नारूवर ना गोळी निघाली, ना लस. १९८४ साली महाराष्ट्रासह अनेक राज्यांत मिळून देशात सुमारे चाळीस हजार रोगी होते. १९९६ च्या जुलैत राजस्थानात शेवटचा रोगी सापडला, आणि २००० साली भारत नारूमुक्त ठरला. काय केले? पाणी फडक्याने गाळले, पायविहिरींऐवजी रहाटाच्या विहिरी आणि हातपंप आणले, पाण्यात औषध टाकले. बस्स.

औषध नसलेला रोग गेला आणि औषध असलेला राहिला, याचे कारण माझ्या मते असे की पाणी गाळताना कोणाला काही सोडावे लागले नाही. गाळलेल्या पाण्याची चव तीच. शिवाय नारू डोळ्यांना दिसे, वेदना वर्षाच्या आत पदरात पडे. इसानमध्ये मात्र माणसाला त्याच्या ताटातली सर्वांत आवडती, मित्रांबरोबरची वस्तू सोडायला सांगायचे, आणि का, तर चाळीस वर्षांनी कदाचित रोग होईल म्हणून. म्हातारी माणसे म्हणतात, आमचे बाप-आजे हेच खात आले, मरण काय कशानेही येते. यांना अडाणी म्हणून हिणवणे सोपे आहे. पण आपल्याकडे तंबाखूची चिमूट गालात ठेवणारा शिकलेला माणूस याहून काय निराळे बोलतो?

खोन केन विद्यापीठातले शल्यचिकित्सक डॉ. नारोंग खुन्टिकेओ हे याच मुलखातले. त्यांचे आई आणि वडील दोघेही याच कर्करोगाने गेले. या रोगाविरुद्धच्या कामात त्यांनी स्वतःला वाहून घेतले. २०१३ पासून तिकडे एक मोठी मोहीम चालू झाली. तिच्यात सोनोग्राफीचे यंत्र खेड्यात नेऊन लोकांची यकृते तपासतात, म्हणजे गाठ लहान असतानाच कळावी. याच प्रांतात लावा नावाचे सरोवर आहे. त्याच्या काठच्या गावांत २००७ पासून डॉ. बांचोब श्रीपा यांच्या पुढाकाराने निराळी वाट धरली गेली. नुसत्या गोळ्या न देता माणूस, मांजर, मासा, गोगलगाय अशा सर्वांकडे एकदम लक्ष द्यायचे, आणि शाळा हाताशी धरायच्या. ‘यकृत-कृमीमुक्त शाळा’ असा त्यांचा कार्यक्रम आहे. ‘मोलाम’ या लोकगायनातूनही तिकडे हा विषय गाइला जातो. सुरुवातीला त्या काठच्या गावांत शंभरात साठांच्या घरात असलेले प्रमाण काही वर्षांत त्याच्या तिसऱ्या हिश्शावर आले, आणि सरोवरातल्या माशांत तर कोष सापडणे जवळजवळ थांबले.

शाळा का, हे शिक्षकांना सांगायला नको. आजोबांची जीभ बदलत नाही. ज्या मुलाला कोइ प्लाची चटक अजून लागलेली नाही त्याला सोडण्याचे दुःखही नाही. आणि घरात एक तोडगाही आहे. तोच मसाला, तेच लिंबू, तीच भरड, फक्त मासा आधी शिजवून घेतलेला. ‘सुक’ म्हणजे शिजलेला. तसा पदार्थ तिकडे होतोच. म्हातारे म्हणतात चव गेली. जाऊ द्या, नातवंडांना ती जुनी चव ठाऊकच होणार नाही.

आपल्या शिक्षकांना वर्गात या फेऱ्याचा चांगला उपयोग करता येईल. फळ्यावर माणूस, पाणी, गोगलगाय, मासा आणि पुन्हा माणूस असे वर्तुळ काढावे आणि मुलांना विचारावे, हे वर्तुळ कोठे कोठे तोडता येईल? एक म्हणेल संडास, एक म्हणेल चूल, एखादा गोगलगाई मारायला निघेल. त्याला हसू नये. सगळ्या ओढ्यांतल्या गोगलगाई मारता येतील का, हे त्यालाच शोधून काढू द्यावे.

आता थोडे घरचे. मासा आपण शिजवतो, पण खेकड्याचे काय? मणिपूर, नागालँड, अरुणाचल या आपल्याच राज्यांत ओढ्यातले कच्चे, अर्धवट भाजलेले खेकडे खाल्ल्याने फुप्फुसात याच जातीचा एक कृमी होतो. रोगी खोकतो, थुंकीतून रक्त पडते, आणि पुष्कळदा त्याला क्षय समजून महिनोन्‌महिने क्षयाचे औषध दिले जाते, ज्याचा त्या कृमीवर काही परिणाम नाही. आपल्याकडे पहिल्या पावसात खेकडे धरून निखाऱ्यावर टाकण्याची हौस अनेकांना आहे. त्यांनी एवढे ध्यानात धरावे की खेकड्याचे कवच आच लागताच लाल होते, आतले मांस मात्र तेव्हा कच्चेच असते. लिंबाने पांढरा झालेला मासा आणि विस्तवावर लाल झालेला खेकडा, दोघेही डोळ्यांना सारखेच फसवतात. खेकडा नुसता न भाजता उकळीत चांगला शिजवावा. मासा काट्यापासून सहज सुटू लागला आणि आत कोठेही काचेसारखा भाग उरला नाही, म्हणजे शिजला. थंडपेटीत ठेवला म्हणून किडा मरतो असे समजू नये. त्याला शून्याखाली वीस अंशांची थंडी निदान आठवडाभर लागते, आणि घरच्या पेटीत ती मिळेलच असे नाही.

परदेशी त्या बाजूला कोणी कामाला किंवा प्रवासाला गेले आणि असा पदार्थ खाण्यात आला, तर परत आल्यावर डॉक्टरांना तसे सांगून शौच तपासून घ्यावे. न विचारता हे कोणाच्याही लक्षात येणार नाही.

आणखी एक, जे बायकांच्या लक्षात चटकन येईल. कच्चा खेकडा ज्या पाट्यावर ठेचला, त्याचा रस पाट्याला आणि हातालाही लागतो. खेकडा मग कितीही शिजला तरी पाटा कच्चाच राहतो. तेव्हा पाटा आणि विळी उकळत्या पाण्याने धुवावी, हात साबणाने धुवावेत, आणि मगच त्या पाट्यावर कोथिंबीर वाटायला घ्यावी.